पाण्यावर चालणारं किट, हायड्रोजनचे ट्रक आणि तुमचे दोन पिकअप

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे दोन डिझेल पिकअप आहेत, एक जुना बीएस-४ आणि एक बीएस-६. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला भाजीपाला जातो, येताना मिळेल तो माल, नाहीतर रिकामी गाडी. एकाने ४५ हजारांत ‘हायड्रोजन किट’ बसवून देतो म्हटलंय. डब्यात पाणी घालायचं, ॲव्हरेज तीस टक्के वाढतं, असं त्याचं म्हणणं. दुसरीकडे हायड्रोजनचे ट्रक आल्याच्या बातम्या वाचून जुना पिकअप विकून नवा घ्यावा की दोन वर्षं थांबावं, हा घोळ आहे. आणि डिप्लोमा करणाऱ्या भाच्याने यात शिरावं का, हे शेवटी विचारलंय.

मी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात डिझेल इंजिनच्या पंप-नोझलचं काम करतो, जोडीला सीएनजीचंही. त्या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. किटमध्ये हायड्रोजन गाडीतच, गाडीच्याच विजेवर तयार होतो. बातम्यांतल्या ट्रकमध्ये तो बाहेर कुठेतरी तयार करून, दाबाखाली टाकीत भरलेला असतो. दोन्हींत नाव एकच, बाकी काही सारखं नाही. किट विकणारा मात्र त्या ट्रकचे फोटो दाखवूनच किट विकतो.

किटचा हिशेब कागदावर करू, कारण यात मतांना जागाच नाही. हे लोक मिनिटाला एक लिटर गॅस निघतो म्हणतात. निघतो असं धरू. त्यात दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. एका लिटरात हायड्रोजन वजनाने ०.०६ ग्रॅम भरतो. एक किलो हायड्रोजन जाळला की १२० मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे ०.०६ ग्रॅमाला सात किलोज्यूल. मिनिटाला सात किलोज्यूल म्हणजे १२० वॅट. आता तुमची गाडी घ्या. भरलेली, ताशी ५० ने, लिटरला १२ देते असं धरलं तर तासाला चार लिटरच्या वर डिझेल जातं. लिटरमागे ३६ मेगाज्यूल धरा. हे झाले ४० हजार वॅटच्या वर. एका बाजूला ४० हजार, दुसऱ्या बाजूला १२०. तीस टक्के डिझेल खरंच वाचवायचं तर असली शंभर किटं हौद्यात ठेवावी लागतील, मग भाजी कुठे ठेवणार?

आणि हा १२० वॅटचा गॅसही फुकट नाही. तेवढा गॅस काढायला किट १५-१६ अँपिअर ओढतं, म्हणजे दोनशे वॅटच्या वर वीज. ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिनचा पट्टा फिरवतो आणि इंजिन डिझेलवर चालतं. इंजिन डिझेलमधल्या ताकदीचा साधारण तिसरा हिस्सा शाफ्टवर देतं, अल्टरनेटर त्यातला निम्म्याहून थोडा जास्त विजेत उतरवतो. उलटं मोजत गेलात तर १२० वॅटच्या हायड्रोजनसाठी हजार-अकराशे वॅटचं डिझेल जळतं. पुन्हा तो हायड्रोजन इंजिनात गेल्यावर त्यातलाही तिसराच हिस्सा चाकाला मिळणार. हजार घालून चाळीस परत.

यावर किटवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘आमचा गॅस इंधन म्हणून नाही, डिझेल पूर्ण जळावं म्हणून सोडतो.’ हायड्रोजनने ज्वाला वेगाने पसरते, हे खरं आहे. पण धडधाकट डिझेल इंजिनात इंधन आधीच ९८ टक्क्यांच्या वर जळालेलं असतं. बाकीची ताकद जाते ती रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन. जळायचं फारसं काही उरलेलंच नाही, तर सुधारणा कशात करणार? तुमची गाडी काळा धूर टाकत असेल तर तो नोझलचा, एअर फिल्टरचा किंवा टर्बोच्या गळक्या होजचा दोष असतो, आणि तो किटपेक्षा फार कमी पैशांत निघतो.

मग किट बसवलेले ड्रायव्हर शपथेवर का सांगतात? कारण किट बसवताना फिटर एअर फिल्टर बदलतो, हवा भरतो, टॅपेट बघतो, इंजिनची सर्व्हिसिंग करतो. शिवाय ४५ हजार घातलेला मालक त्या महिन्यात स्वतः टाकी मोजतो आणि ड्रायव्हरचा पाय हलका होतो. एवढ्यानेच ॲव्हरेज वाढतं. विकणाऱ्याची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला सांगा, आधी मी सर्व्हिसिंग करून घेतो, मग किट बसव, आणि किटचं बटण आठवडाभर चालू, आठवडाभर बंद ठेवू, ड्रायव्हरला न सांगता. तोच पंप, तोच माल, टाकी फुल ते टाकी फुल. पैसे त्यानंतर. ही अट ऐकून पुढे बोलणारा फिटर मला अजून भेटलेला नाही.

धोक्याचं थोडं. आमच्याकडे एका जीपचं इंजिन उघडायला आलं होतं, त्यावर असलं किट होतं. पाण्याच्या डब्यात नुसतं पाणी नसतं. वीज वाहावी म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश हा जहाल क्षार घालतात. गॅसबरोबर त्याचे तुषार नळीतून पुढे जातात. त्या जीपच्या इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेच्या, तोंडाशी पांढरी खरपुडी धरली होती, आणि खाली ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन बोटाला खडबडीत लागत होतं. पॉझिटिव्हची वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर घेतलेली, तिचं इन्सुलेशन वितळून बॉनेटच्या बिजागरीला चिकटलेलं. शिवाय हा गॅस म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन पेट घेण्याच्या नेमक्या प्रमाणात आधीच एकत्र केलेले. नळीत ज्वाला मागे आली तर प्लॅस्टिकचा डबा फुटतो आणि आतलं पोटॅश डोळ्यांत जातं. म्हणून असल्या डब्याजवळ मी पोरांना चष्म्याशिवाय जाऊ देत नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरबदल परवानगीशिवाय चालत नाही. त्या किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. ‘आयएसओ’ दाखवतील. ते कंपनीच्या कारभाराचं असतं, किटचं नव्हे. उद्या घाटात काही झालं तर विमा कंपनी आधी बॉनेट उघडून फोटो काढणार. तुमच्या बीएस-६ गाडीला तर हात लावूच देऊ नका. सेन्सरची गडबड झाली की किटच्या किमतीएवढं बिल एका फेरीत होतं.

किटचा विषय इथे संपला. आता खरा हायड्रोजन.

हायड्रोजनची गाडी ही काही थाप नाही. इंधनघटात, म्हणजे ज्याला फ्युएल सेल म्हणतात त्यात, हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते, मोटार चालते आणि धुराड्यातून पाणी पडतं. टोयोटाची मिराई ५.६ किलो हायड्रोजनवर सहाशे किलोमीटरच्या वर जाते, भरायला पाच-एक मिनिटं पुरतात. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून केलेली बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसमोर आली. टाटाच्या हायड्रोजन बस सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन ऑइलकडे गेल्या. मार्च २०२५ मध्ये केंद्राने ३७ बस आणि ट्रकच्या चाचणीला मंजुरी दिली, १५ इंधनघटावरचे आणि २२ इंजिनात हायड्रोजन जाळणारे, सोबत ९ भरणा केंद्रं. त्यात पुणे-मुंबई मार्ग आहे. म्हणजे तुम्ही वाचलेली बातमी खरी आहे. फक्त ती सदतीस गाड्यांची आहे.

अडचण गाडीत कमी आणि गाडीच्या मागे जास्त आहे. हायड्रोजन जमिनीतून डिझेलसारखा उपसून आणत नाहीत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तो ऊस नाही, गूळ आहे. शेतात उगवत नाही, करावा लागतो, आणि चुलवाणात काय जाळलं त्यावर तो किती स्वच्छ हे ठरतं. देशात आज जो हायड्रोजन होतो तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून, रिफायनरी आणि खतकारखान्यांसाठी. त्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो गाडीत भरून ‘धूर नाही’ म्हणणं म्हणजे धूर दुसऱ्याच्या गावात सोडणं. सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली, किलोमागे जास्तीत जास्त दोन किलो कार्बन डायऑक्साइड. त्याच वर्षी जानेवारीत १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवून. माझं वाचन असं, की त्यातला मोठा वाटा आधी खत, रिफायनरी आणि पोलादाला जाईल, आणि तसाच जायला हवा. तिथे हायड्रोजनला पर्याय नाही. पिकअपला आहेत.

दराचं बघा. पाण्यापासून विजेने एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट लागतात. उद्योगाची वीज आठ रुपये धरली तर नुसत्या विजेचे चारशे ते चारशे चाळीस झाले. यंत्र, शुद्ध पाणी, दाब देणं, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन हे सगळं पुढे. एका किलोत ताकद साधारण ३.३ लिटर डिझेलएवढी, म्हणजे नव्वदच्या दराने तीनशे रुपयांची. इंधनघट इंजिनापेक्षा काटकसरी असतो, म्हणून तिथे एक किलो पाच लिटर डिझेलचं काम करतो असं उदार मनाने धरू. तरी साडेचारशेच्या डिझेलला चारशे-साडेचारशेची नुसती वीज, आणि बाकीचा खर्च वरचाच. वीज दोन-तीन रुपयांत मिळाली तर गणित बदलतं. कच्छ-राजस्थानात मोठ्या सौर प्रकल्पांशेजारी ते बदलेलही. आपल्या शिरोली एमआयडीसीतल्या विजेच्या दराने नाही बदलत.

तीच ५५ युनिटं थेट बॅटरीत घातली तर बॅटरीची साधी कार तीनशे किलोमीटर जाते. त्यांचा हायड्रोजन करून मिराईत घातला तर शंभरच्या आसपास. वीज एकच, रस्ता तिसरा हिस्सा. बॅटरी जिथे पुरते तिथे हायड्रोजनचं काम नाही, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

आणि तो इथवर आणायचा कसा? हायड्रोजन इतका हलका की २०० बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दोनशे पट, दाबून लोखंडी नळकांड्यांच्या ट्रेलरमध्ये भरला, तर चाळीस टनी गाडीत तीन-चारशे किलो बसतो. मोठे ट्रक भरायला लागले तर तेवढ्यात दहा-बारा गाड्या. म्हणजे पुण्याहून किणी टोलनाका ओलांडत ट्रेलर येत राहायचे आणि त्यांचं स्वतःचं डिझेल वेगळं. कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ पंप निघालाच तर हायड्रोजन तिथेच तयार करावा लागेल, आणि मग परत तो आठ रुपयांचा युनिट आला. कॅलिफोर्नियात मिराई घेतलेल्यांचे हाल यावरूनच झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने तिथले आपले कारचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. गाडी दारात उत्तम, भरायला जागा नाही.

तुमच्या गाडीत टाकीचा प्रश्न तर आणखी अवघड. साठ लिटर डिझेलएवढी ताकद म्हणजे १८ किलो हायड्रोजन. ३५० बारला लिटरमागे २४ ग्रॅम मावतो, म्हणजे साडेसातशे लिटरची जागा. आजच्या चांगल्यातल्या चांगल्या कार्बन फायबरच्या टाकीतही शंभर किलो वजनामागे पाच-सहा किलोच हायड्रोजन बसतो. इंधनघट काटकसरी म्हणून टाकी थोडी लहान चालेल हे मान्य, पण दोनेकशे किलो तरी माल कमी भरायचा. भाजीच्या भाड्यात हे परवडणार नाही. ४० टनी ट्रकला मात्र परवडू शकतं, कारण तिथे बॅटरीचं वजन याहून जास्त होतं. ट्रकवाले हायड्रोजनच्या मागे आहेत आणि छोट्या गाड्यांचे कारखाने बॅटरीकडे वळले, त्याचं कारण हे.

आता जरा माझ्या आवडीचं. त्या ३७ पैकी २२ गाड्या इंजिनात हायड्रोजन जाळणाऱ्या आहेत, आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांनी या आकड्याकडे लक्ष द्यावं. बॅटरीच्या गाडीत फौंड्रीत ओतला जाणारा इंजिनचा ब्लॉक नाही, हेड नाही, लायनर नाही. हायड्रोजन इंजिनात हे सगळं आहे, फक्त वेगळ्या नखऱ्याचं. डिझेल नोझलला स्वतःच वंगण देतं. हायड्रोजन कोरडा, त्यामुळे इंजेक्टरची सीट आणि सुई लवकर झिजते, धातू आणि लेप बदलावे लागतात. व्हॉल्व्ह सीटचंही तेच. हायड्रोजन डिझेलसारखा नुसत्या दाबाने पेटवणं अवघड, म्हणून स्पार्क प्लग येतो. पण तो ठिणगीला इतका हळवा, की एखादा तापलेला कार्बनचा कण किंवा प्लगचं टोकही वेळेआधी पेटवून देतं. इनटेकमध्ये सोडला तर सिलिंडरची जवळजवळ तीस टक्के जागा गॅसच खातो, हवा कमी पडते, ताकद घटते. म्हणून थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन आणि मोठा टर्बो. रिंगांमधून निसटलेला गॅस क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागात, साठून चालत नाही, तिथे सतत वारं खेळतं ठेवावं लागतं, आणि जळून झालेलं पाणी ऑइलमध्ये उतरतं त्याचा बंदोबस्त वेगळा. धुरात कार्बन नाही, पण हवेतल्या नायट्रोजनपासून नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे घातक ऑक्साइड, होतोच. म्हणून मिश्रण फार पातळ ठेवतात आणि मागे धुरातला नॉक्स काढणारा एससीआर लावतात. ‘इंजिनातून फक्त पाणी’ हे म्हणणं इंधनघटाला लागू पडतं, इंजिनाला पुरतं नाही.

तुमच्या खरेदीकडे येतो. इथे ठाम उत्तर देता येत नाही, कारण ते तुमच्या फेऱ्यांवर आहे. महिन्यात किती फेऱ्या, परतीचा माल किती वेळा, गाडी रात्री कुठे उभी राहते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तरी हायड्रोजनसाठी थांबू नका, एवढं कुठल्याही परिस्थितीत सांगतो. दोन वर्षांत तुमच्या आकाराच्या गाडीला आंबा घाटाच्या रस्त्यावर हायड्रोजन मिळणार नाही.

जुन्याचं इंजिन कॉम्प्रेशनला चांगलं असेल तर पंप-नोझल कॅलिब्रेट करून घ्या, इंटरकूलरच्या होज तपासा, टायरची हवा आठवड्याला बघा आणि अजून काही काळ चालवा. घ्यायचीच असेल तर कंपनीचा सीएनजी पिकअप बघा. बाहेरून डिझेलची सीएनजी करण्याच्या फंदात पडू नका. सीएनजीत चढाला जोर कमी पडतो आणि सिलिंडरचं वजन मालातून जातं. पण तुमचा मार्ग त्या बाबतीत नशीबवान आहे. भरून उतरता आणि बऱ्याचदा रिकामे चढता. घेण्याआधी तुम्ही निघता त्या वेळी पंपावर रांग किती असते ते स्वतः जाऊन बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, हीही खर्चात धरा.

इलेक्ट्रिक पिकअपही याच कारणाने कागदावर वाटतो तितका वाईट नाही. भरलेली गाडी घाट उतरताना एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाणारी ताकद बरीचशी बॅटरीत परत येते. पण एका बाजूचंच अंतर १३० किलोमीटरच्या आसपास, आणि कंपनी सांगते त्या रेंजच्या दोन-तृतीयांशच हाती येते असं धरून चालायचं. रत्नागिरीत माल उतरेपर्यंत चार्जिंगची खात्रीची जागा असेल तरच विचार करा. कोल्हापूर-इचलकरंजी-जयसिंगपूर अशा रोजच्या ठरलेल्या फेऱ्या असत्या तर मी डोळे झाकून इलेक्ट्रिक घ्या म्हटलं असतं.

आपल्या जिल्ह्याला हायड्रोजनपेक्षा जवळचं इंधन साखर कारखान्यांच्या प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळात आहे. त्यापासून बायोगॅस काढून, शुद्ध करून दाबला की तो सीएनजीच्याच गाडीत, त्याच सिलिंडरमध्ये चालतो. नवी गाडी नको, नवा पंप नको. ऊस आपल्याकडे आहेच. सीएनजीकडे कल असेल तर हे एक कारण जास्तीचं.

राहिला भाचा. शिरू दे, पण ‘हायड्रोजनचा कोर्स’ नावाच्या महागड्या प्रमाणपत्रावर पैसे घालू नका. त्याने दाबाखालच्या वायूचं काम शिकावं: फिटिंग, गळती तपासणं, नळ्या वाकवणं, आणि सोबत जास्त व्होल्टेजची सुरक्षा. सीएनजीत हात बसला की हायड्रोजनकडे वळायला वेळ लागत नाही, फरक समजून घ्यावे लागतात तेवढंच. सीएनजी हवेत ५ ते १५ टक्के असताना पेटतो, हायड्रोजन ४ ते ७५ टक्के. त्याला वास नसतो, आणि इंधनघट खराब होतो म्हणून वास मिसळताही येत नाही, डिटेक्टरवरच भिस्त. ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. साधं पोलाद त्याच्या संगतीत ठिसूळ होतं. हलका असल्याने उघड्यावर भुर्रकन वर निघून जातो, पण पत्र्याच्या शेडच्या माथ्याशी साठतो, म्हणून छताला वाट ठेवावी लागते.

जून २०१९ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळ सँडविकाला हायड्रोजनच्या पंपावर स्फोट झाला होता. तपासात कारण निघालं ते मोठ्या दाबाच्या टाकीच्या बुचाचे काही बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. म्हणून भाचा ज्या वर्कशॉपात उमेदवारी करेल तिथे टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, रोज वापरात आहे का आणि त्याची नोंद लिहून ठेवतात का, हे बघून मगच त्याला तिथे ठेवा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असेल तर सुट्टीत उद्यमनगरात पाठवा, सीएनजीचं बेंच दाखवतो.